जहाज वर आलं, माणसं कुठं आहेत?

आमच्या गावात नाव सापडलीय.

यंदा उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी पार तळाला गेलं आणि घाटाच्या खालच्या अंगाला गाळातनं काळ्या फासळ्या वर आल्या. पोरांना आधी वाटलं, जनावराचा सांगाडा आहे. जवळ जाऊन बघितलं तर लाकूड. पूल व्हायच्या आधी या तीरावरनं त्या तीराला माणसं नेणारी मोठी नाव. गावातल्या पुढारी मंडळींनी ठरवलं, नाव वर काढायची, रंगरंगोटी करायची आणि वेशीत मांडायची. गावाचा वारसा म्हणून. ओढायला माणसं पाहिजेत, म्हणून आमच्या वस्तीत निरोप आला.

त्या रात्री विहारात बैठक बसली. मी तिसरी पाळी बुडवून गेलो होतो. बैठकीत तीन तट पडले. एक म्हणाला, ओढू. आपण पण गावचेच आहोत. दुसरा म्हणाला, ज्या नावेत आपल्या आज्या-पणज्यांना बसू दिलं नाही ती आपणच ओढायची? रॉकेल ओता आणि पेटवा. तिसरा म्हणाला, कुजू द्या. पोरांच्या नोकऱ्यांचं बघा. रात्री एकपर्यंत भांडलो. निकाल लागला नाही. शेवटी मला म्हणाले, तू लिहितोस-बिहितोस, तूच लिही. म्हणून हे लिहितोय.

दोस्तांनो, बुडालेलं वर काढणं हे दर वेळी चांगलंच काम असतं का? आणि वर काढलेल्या वस्तूवर हक्क कुणाचा? ज्यानं ती बांधली त्याचा, ज्याच्या मालकीची होती त्याचा, की ज्यांना तिनं बुडवलं त्यांचा? सोल हातात घ्यायच्या आधी याचा निकाल लावला पाहिजे.

मी नऊ वर्षांचा असताना हे एकदा होऊन गेलंय. तेव्हा एक लहान नाव निघाली होती. ओढायला आमचीच माणसं. माझा बाप, दोन चुलते, वस्तीतले वीस-पंचवीस गडी. मांडीपर्यंत गाळात उतरून त्यांनी दिवसभरात ती घाटावर आणली. बापाच्या तळव्यात गंजका खिळा घुसला, महिनाभर लंगडत होता. संध्याकाळी नावेला हार घातला, नारळ फोडला, फोटो निघाले. ओढणारा एकही गडी त्या फोटोत नाही.

नाव चावडीपुढं उन्हात ठेवली. गाळातनं निघाली तेव्हा फळ्या अशा होत्या की वाटावं, अजून दहा वर्षं माणसं पार नेईल. चौथ्या दिवशी फळ्या वाकल्या. आठव्या दिवशी बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. पंधरवड्यात तिची चिपाडं झाली. पुढच्या शिमग्याला पोरांनी ती होळीत घातली. इतकी वर्षं नदीनं सांभाळलेली नाव गावानं पंधरा दिवसांत संपवली.

माझी आजी तेव्हा होती. ती म्हणाली, "त्या नावंत मला कुनी कवा बसवलं न्हाई. आमी काठावर बसून ऱ्हायचं. समद्यांची खेप झाली आन् नावाड्याच्या मनात आलं तर शेवटाला. न्हाईतर छातीएवढ्या पान्यातनं. तुज्या बापाला डोक्यावर घिऊन म्या अशीच पल्याड गेलीया. आता नाव वडून काडली खरी. पर कुनासाठी काडली, त्ये कुनी सांगंना."

कुणासाठी? आजीचा हा प्रश्न माझ्या डोक्यातनं गेला नाही.

पुढं सूतगिरणीत लागलो. पाळी संपली की वाचायचा नाद लागला. त्या वाचनात कधीतरी चावडीपुढच्या त्या पंधरा दिवसांचा उलगडा झाला. लाकूड म्हणजे बारीक-बारीक नळ्यांची मोळी. ते पाण्यात पडलं की जीवाणू त्या नळ्यांच्या भिंती हळूहळू खातात. बाहेरनं आकार तोच दिसतो. आतनं मात्र भिंत पोकळ होत जाते आणि तिची जागा पाणी घेतं. म्हणजे लाकडाचा आकार आता पाण्यानंच धरून ठेवलेला असतो. असं लाकूड उन्हात टाकलं की पाणी उडून जातं, आणि जाताना त्या पोकळ भिंतींना आत ओढून घेतं. नळ्या चेपतात. फळी आक्रसते, पिळवटते, तडकते. ज्या पाण्यानं लाकूड खाल्लं त्याच पाण्यानं ते धरूनही ठेवलेलं असतं. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे ज्यांना कळलं होतं अशा लोकांनी एक अख्खं जहाज वर काढलं. त्याची गोष्ट सांगतो.

स्वीडन देशाचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ. लढाईखोर माणूस. त्यानं स्टॉकहोमला एक थोरलं युद्धनौकेचं काम काढलं. नाव ठेवलं वासा, आपल्या राजघराण्याचं. आपल्या भाषेत वासा म्हणजे छपराचं लाकूड, आणि आपल्याकडं म्हण आहे, मोठं घर पोकळ वासा. त्या जहाजाचं अगदी तसंच झालं. हजारावर ओक झाडं तोडली. तोफांचे दोन मजले, ६४ तोफा. सिंह, देव, राजे असे शेकडो पुतळे कोरून, रंगवून लावले. जहाज वरनं जड आणि खालनं अपुरं झालं. निघायच्या आधी परीक्षा घेतली. ३० गडी या कडेवरनं त्या कडेला पळवले. तिसऱ्या फेरीला जहाज एवढं डुलायला लागलं की तिथल्या नौदलाच्या बड्या अधिकाऱ्यानं परीक्षाच थांबवली. जहाज थांबवलं नाही. राजाला घाई होती.

१० ऑगस्ट १६२८. काठावर बघ्यांची गर्दी. जहाज निघालं, सुमारे १३०० मीटर गेलं. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कलंडलं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतनं पाणी आत शिरलं, आणि राजाची शान बंदरातच ३२ मीटर खोल गेली. सुमारे ३० माणसं मेली. चौकशी बसली. दोष कुणाचा? मापं राजानं मंजूर केलेली. बांधणारा मुख्य कारागीर जहाज पुरं व्हायच्या आधीच, १६२७ साली, मरून गेलेला. राजाकडं बोट दाखवणार कोण? कुणालाच शिक्षा झाली नाही. चौकश्या कशा बसतात आणि कशा उठतात, हे आपल्याला नवीन नाही.

मग काही वर्षांनी पाण्यात माणसं उतरली. कशासाठी? तोफांसाठी. १६६४-६५ च्या सुमारास पाणबुडे एका मोठ्या घंटेत उभे राहायचे. घंटा खाली सोडली की वरच्या भागात थोडी हवा अडकून राहते, तेवढ्या हवेवर काळोखात, थंडगार पाण्यात काम. त्यांनी ५० हून जास्त तोफा वर काढल्या. तोफ ब्राँझची, वितळली तरी पैसा. माणसाच्या हाडाला बाजारभाव नाही. हाडं राहिली तिथंच.

त्यानंतर जहाज विसरलं गेलं, ते थेट १९५६ पर्यंत. अँडर्स फ्रांझेन नावाच्या माणसानं जुने कागद चाळले आणि बंदराच्या तळाशी पोकळ टोकाचं वजन सोडून-सोडून चाचपत राहिला. एक दिवस त्या टोकात काळं ओक लाकूड अडकून वर आलं. जहाज शाबूत होतं. त्याचं कारण त्या समुद्राच्या पाण्यात आहे. बाल्टिकचं पाणी कमी खारट, म्हणून लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथं जगत नाही. आपल्या कोकणच्या खाऱ्या पाण्यात एवढं लाकूड एवढी वर्षं टिकलं नसतं.

वर कसं काढायचं? नाना सूचना आल्या. कुणी म्हणालं, आत पिंगपाँगचे चेंडू भरा, तरंगेल. कुणी म्हणालं, सगळं गोठवा, बर्फ आपोआप वर येईल. शेवटी माणसाचे हातच कामाला आले. नौदलाच्या पाणबुड्यांनी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं जहाजाच्या पोटाखालनं सहा बोगदे खणले. डोक्यावर दगड भरलेलं जहाज, अवतीभवती चिखल, डोळ्यांपुढं हात दिसत नाही. बोगद्यातनं लोखंडी दोर ओवले. १९५९ साली जहाज एका दमात वर ओढलं नाही. थोडं उचलायचं, थोडं उथळाकडं न्यायचं, परत टेकवायचं. मग दीडेक वर्ष पाण्यातच भोकं बुजवली, कारण लोखंडी खिळे गंजून गेले होते. २४ एप्रिल १९६१ ला जहाजाचा काठ पाण्यावर आला. ३३३ वर्षांनी.

आमच्या गावात हार घालून काम संपलं होतं. तिथं खरं काम त्या दिवशी सुरू झालं. १९६२ पासून १९७९ पर्यंत, १७ वर्षं, त्या लाकडावर एक मेणासारखं, पाण्यात विरघळणारं द्रव्य फवारत राहिले. त्याला पॉलिथिलिन ग्लायकॉल म्हणतात. मलमात, क्रीममध्येही ते असतं. आधी माणसं हातात नळी धरून फवारायची, मग यंत्र बसवलं. सुरुवातीला पातळ, हळूहळू घट्ट. नळीतलं पाणी जसजसं निघेल तसतसं त्याच्या जागी हे द्रव्य बसलं पाहिजे. घाई केली तर तडकलं. १७ वर्षं फवारा, त्यानंतर कितीक वर्षं सावकाश वाळवण, आणि १९९० साली संग्रहालय उघडलं. पाण्यातनं काढलेले सुमारे १४,००० सुटे लाकडी तुकडे एकेक करून जागेवर बसवले. आज ते जहाज ९८ टक्के मूळच्याच लाकडाचं आहे. जिथं नवं लाकूड घातलं तिथं ते नवंच दिसतं. जुनं काळं, नवं उजळ. जोड लपवलेला नाही.

तरी काम संपलेलं नाही. २००० साली लाकडावर पांढरे-पिवळे डाग उमटले. शहराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलं होतं; गंजाच्या लोखंडानं आणि हवेनं त्याचं आम्ल व्हायला लागलं. वर आलेल्या जहाजाला खालची घाण आतनं खात होती. मग गंजणारे बोल्ट बदलले. जहाज आपल्याच वजनानं खचतं म्हणून टेकणं बदलावी लागताहेत. आणि हवेतला ओलावा कायम ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवावा लागतो.

हे वाचून मी हसलो. आमच्या रिंगफ्रेम खात्यातही ओलाव्याचं यंत्र आहे. ओलावा पन्नास-साठ टक्क्यांच्या खाली गेला की सूत तुटतं, म्हणून साहेब दर तासाला काटा बघतो. पाळीत आम्ही त्याच दमट हवेत आठ तास उभे. छातीत कापूस जातो. त्याचा काटा कुठं लावलेला नाही. राजाच्या लाकडासाठी यंत्र, मालकाच्या सुतासाठी यंत्र. माणसाला किती ओलावा लागतो हे कोण मोजणार?

आता ते मघाचं वाक्य काढा. ज्या पाण्यानं खाल्लं त्याच पाण्यानं धरून ठेवलं.

'उद्धार' या शब्दाचा मूळ अर्थच वर काढणं. या देशात आपला उद्धार करायला किती जण आले, मोजदाद नाही. सगळ्यांची रीत आमच्या चावडीपुढची. वर ओढा, हार घाला, फोटो काढा, उन्हात ठेवा. आपल्या वस्तीतलं एखादं पोर पहिल्यांदा मोठ्या कॉलेजात जातं. पेपरात नाव येतं, सत्कार होतो. त्यानंतर हॉस्टेलवर त्याच्याशी कोण बोलतं, त्याच्या ताटाशेजारी कोण बसतं, आडनाव कळल्यावर कुणाचा चेहरा बदलतो, हे बघायला कुणी नसतं. वस्तीनं त्याला खाल्लंही होतं, दारिद्र्यानं, रोजच्या कटकटीनं. पण वस्तीनंच त्याला धरूनही ठेवलं होतं. आईची शिवी, गल्लीतली हाक, जयंतीचा ढोल. ते एकदम निघून गेलं आणि त्या जागी काहीच भरलं नाही, तर पोर तडकतं. मग म्हणायचं, लाकूडच कच्चं होतं.

माझं पहिलं म्हणणं हे आहे. वर काढणं एका दिवसाचं काम, सांभाळणं आयुष्याचं. ज्याला सांभाळायचं नाही त्याला वर काढायचा अधिकार नाही. त्याच्यापेक्षा गाळ बरा. गाळ निदान खोटं बोलत नाही.

पण वासाची गोष्ट इथं संपवली तर मी राजाचा भाट ठरेन. आजीचा प्रश्न अजून तसाच आहे. कुणासाठी?

जहाजात हाडं सापडली. पंधराएक माणसांची तरी. १९६३ साली ती पुरून टाकली आणि १९८९ च्या सुमारास अभ्यासाला परत उकरली. मेलेल्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. राजाच्या प्रत्येक पुतळ्याचा अर्थ लावून झाला होता, पण खलाशाचं नाव कुठल्या कागदावर नाही. मग संग्रहालयानं अक्षरांच्या क्रमानं नावं दिली. एका सांगाड्याचं नाव ठेवलं गुस्ताव. कितीतरी वर्षं सगळे त्याला पुरुषच समजत होते. २०२३ साली हाडाची डीएनए तपासणी पक्की झाली आणि कळलं, तो गुस्ताव बाई होती. आता तिला गर्ट्रूड म्हणतात. तेही तिचं नाव नाही. बघा, दोस्तांनो. जहाजाचा खिळा न् खिळा कुठला ते कळलं, आणि त्यातलं माणूस बाई की बाप्या हे कळायला वर आल्यावरही ६२ वर्षं गेली. जहाज वर आलं. माणसं अजून अर्धी पाण्यातच आहेत.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट. ती अमेरिकेतल्या काळ्या माणसांची आहे, आणि त्यांचं आपलं नातं मी ओढूनताणून आणत नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांच्या ड्यू बॉइस या विचारवंताला स्वतः पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं ते तिथनंच.

अमेरिकेत बाहेरनं गुलाम आणायला १८०८ पासून कायद्यानं बंदी होती. तरी १८६० साली अलाबामा राज्यातल्या मोबील शहरातल्या एका धनाढ्य जहाजमालकानं दोन शिडांचं एक लाकडी गलबत आफ्रिकेला धाडलं. त्याचं नाव क्लोटिल्डा. कप्तान विल्यम फॉस्टर, ज्यानं ते १८५५ साली बांधलं होतं तोच. दाहोमीच्या किनाऱ्यावरच्या विदा बंदरात त्यानं सुमारे ११० माणसं विकत घेतली, पोराबाळांसकट. गलबत रात्रीच्या अंधारात मोबीलच्या खाडीत आणलं, माणसं उतरवली, आणि कप्तानानं गलबताला आग लावून ते नदीत बुडवलं. कारण ते गलबत म्हणजे गुन्ह्याचा पुरावा. पुढं खटला उभा राहिला, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. स्टॉकहोम असो की मोबील, निकाल एकच.

पाच वर्षांनी, १८६५ ला, गुलामी संपली. या लोकांना घरी परत जायचं होतं. पैसा नव्हता. त्यांच्यातला कोसोला नावाचा तरुण मालकाकडं गेला आणि म्हणाला, आम्हाला आमच्या देशातनं आणलंत, आता निदान थोडी जमीन द्या. मालकानं झिडकारलं. मग बाप्ये लाकडाच्या गिरण्यांत राबले, बाया भाजी पिकवून विकत हिंडल्या. काकवीबरोबर भाकर खाऊन त्यांनी पैका जोडला आणि त्याच मालकाकडनं जमीन विकत घेतली. घरं बांधली, प्रार्थनाघर बांधलं, शाळा काढली. त्या वस्तीचं नाव आफ्रिकाटाउन. पुढं कागदगिरण्यांच्या धुराड्यांनी ती वस्ती घेरली, तरी ती आजही आहे.

कोसोला १९३५ पर्यंत जगला. १९२७-२८ च्या सुमारास झोरा नील हर्स्टन नावाची काळी लेखिका त्याच्या ओट्यावर जाऊन बसली आणि त्याची कहाणी तिनं टिपून घेतली. जसा तो बोलला तशी, त्याच्या तोंडच्या बोलीत. प्रकाशक म्हणाला, भाषा शुद्ध करा, मग छापू. तिनं नकार दिला. ते पुस्तक, बराकून, छापून आलं २०१८ साली. १९३१ च्या सुमारास लिहून झालेलं पुस्तक, म्हणजे तेही एक बुडवलेलं जहाजच. आपल्या बोलीला जे नाकं मुरडतात त्यांना हे नाव सांगा.

गलबताचं काय? ते नदीच्या चिखलात होतं. अनेकजण म्हणत, असं काही नव्हतंच. काळ्यांच्या म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत. म्हाताऱ्या सांगत राहिल्या, नातवंडं ऐकत राहिली. मे २०१९ मध्ये जाहीर झालं की सापडलेलं गलबत क्लोटिल्डाच आहे. म्हाताऱ्यांच्या गप्पा खऱ्या निघाल्या.

मग तिथंही आमच्या बैठकीसारखाच प्रश्न उभा राहिला. वर काढायचं का? कुणी म्हणालं, काढा, जगाला दाखवा. कुणी म्हणालं, ज्या पोटात आपली माणसं कोंबली ते डोळ्यांपुढं कशाला? तज्ज्ञांनी तपासलं. गलबत जळलेलं, झिजलेलं, काढलं तर मोडेल. २०२४ साली शिफारस झाली, ते आहे तिथंच राहू द्यावं आणि तिथंच जपावं. २०२३ साली आफ्रिकाटाउनात एक स्मृतिघर उघडलंय, त्यात त्या गलबताच्या लाकडाचे थोडे तुकडे ठेवलेत, पाण्याच्या टाकीतच. आणि भोवती त्या माणसांच्या कहाण्या, नावानिशी.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. स्टॉकहोमला जहाज वर आलं, माणसं बुडालेलीच राहिली. मोबीलला जहाज बुडालेलंच राहिलं, माणसं वर आली. आणि कुणी हात दिला म्हणून आली नाहीत. गिरणीत राबून, काकवी-भाकर खाऊन, आपली कहाणी आपल्याच तोंडानं सांगून आली. खरा उद्धार मी याला म्हणतो.

म्हणून कुणी असं समजू नका की राजाच्या जहाजाशी आपलं काही देणंघेणं नाही. राजानं एक तरी ओक तोडला का? तोडणारे, तासणारे, दोर वळणारे, शिडाचं कापड विणणारे, तोफ ओतणारे कोण होते? तुमच्या-माझ्यासारखेच रोजंदारीवाले. जहाजावर नाव राजाचं, घाव कारागिराचे. आमच्या गावच्या नावेचंही तेच. ती सुतारानं बांधली, लोहारानं खिळे घडवले, नावाड्यानं वल्हवली. तिच्यात बसायचं कुणी हे गावकीनं ठरवलं. पाप लाकडाचं नाही.

बैठकीत एकानं भगवान बुद्धांची तराफ्याची उपमा दिली. नदी पार झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडायचं नसतं. म्हणजे जुनं सोडून द्यायचं. उपमा खरी आहे, पण ती ज्या तराफ्यानं पार नेलं त्याची आहे. ज्या नावेनं आपल्याला काठावर ठेवलं तिचं काय करायचं? डोक्यावर घ्यायची नाही, हे कबूल. पण जाळायचीही नाही. क्लोटिल्डा कुणी जाळली ते आठवा. पुरावा जाळणं हे गुन्हेगाराचं काम. आपण ज्यांच्यावर गुन्हा झाला ती माणसं. आपल्याला पुरावा लागतो. उद्या कुणी म्हणेल, आमच्या गावात असं काही नव्हतंच, म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत. तेव्हा ती नाव पाहिजे.

आणि कुजू द्या म्हणणाऱ्या दोस्ताला एवढंच सांगतो. नोकरीचा प्रश्न मोठा आहे, मी रोज त्यातच उभा असतो. पण ज्याला आपण कुठं बुडलो होतो हे ठाऊक नाही त्याला वर आल्याचंही भान राहत नाही. मग तोच उद्या दुसऱ्या कुणाला काठावर बसवून स्वतः नावेत बसेल. असे आपल्यातही निघालेत. नावं घ्यायला लावू नका.

तर माझं मत. रविवारच्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि पटलं तर ठराव करा.

एक. सावलीची शेड, ओली गोणपाटं, रोज पाणी मारणारा माणूस आणि त्याची मजुरी, जाणकाराचा सल्ला, एवढं आधी झालं पाहिजे. तोवर नावेला कुणी हात लावायचा नाही. गाळात ती सुखी आहे. दोन. सोल ओढायला आख्खं गाव. बोलावलेल्या गड्याला त्या दिवसाची मजुरी, आणि फोटोत ओढणारे पुढं. तीन. नावेजवळ पाटी लागेल. तिच्यावर लिहायचं, नाव बांधणारे कोण, वल्हवणारे कोण, बसणारे कोण, आणि काठावर बसवून ठेवलेले कोण. ही चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. वस्तीतल्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांच्याकडनं नावं घ्या, त्या बोलतील तशीच लिहून घ्या, शुद्ध करू नका. नाहीतर आपल्याही माणसांना उद्या कुणी अक्षरांच्या क्रमानं नावं देईल.

ही चौथी ओळ गावाला मान्य असेल तर मी स्वतः पाळी बुडवून सोल धरायला येतो. बापाला घुसला तसा खिळा घुसला तरी चालेल. मान्य नसेल तर एकानंही घाटावर जायचं नाही. पहिला पाऊस पडला की कृष्णा परत चढेल आणि नावेवर पाणी येईल. येऊ द्या. आपली हरकत नाही. पाण्याला घाई नसते.

आजी आता नाही. तिचा प्रश्न मी कागदावर आणून ठेवलाय. कुनासाठी? निरोप घेऊन जो माणूस वस्तीत येईल त्याला आधी हे विचारा, मग चहा पाजा.